रेस दिली की वाजतं

गाडीतला आवाज सगळ्यात आधी ऐकू येतो तो गाडी न चालवणाऱ्याला. चालवणाऱ्याचं लक्ष सिग्नलवर, मागून वाजणाऱ्या हॉर्नवर आणि डावीकडून घुसणाऱ्या दुचाकीवर असतं. शेजारच्या सीटवरचे कान मात्र मोकळे असतात. "अहो, काहीतरी वाजतंय," असं वाक्य डावीकडून येतं आणि उजवीकडून ठरलेलं उत्तर जातं, "रस्ता खराब आहे."

हे उत्तर महाराष्ट्रात बरेच महिने पुरतं. उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेली ड्रेनेजची झाकणं, केबलसाठी खणून घाईघाईत बुजवलेले चर आणि ज्याला वाटेल त्याने घातलेले गतिरोधक यांच्या जिवावर माणूस गाडीची कितीही दुखणी झाकू शकतो. पंचाईत होते ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. टोलनाका सुटतो, पुढे रस्ता सरळ आणि सपाट असतो, गाडी ऐंशीवरून वर न्यायला पाय दाबला जातो आणि खालून 'झर्रर्र' असा पत्र्याचा आवाज येतो. पाय काढला की बंद. दाबला की पुन्हा 'झर्रर्र'. रस्त्यावर ढकलायची सोय संपलेली असते. डावीकडून आता कोणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

मग सहकुटुंब तपास सुरू होतो. एसी बंद होतो, गाणी थांबतात, काचा एकदा वर आणि एकदा खाली होतात. मागच्या सीटवरच्या मुलांना "आता कुणीही तोंडातून शब्द काढायचा नाही" अशी तंबी मिळते. चौघंही श्वास रोखून ऐकू लागली की गाडी एखाद्या गुणी विद्यार्थ्याला लाजवेल इतकी शांतपणे लोणावळ्यापर्यंत जाते.

तपासाचा दुसरा टप्पा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी. बॉनेट उघडून उभं राहणं म्हणजे जाहीर निमंत्रणच. दहा मिनिटांत पाच जण जमतात आणि पाचही जणांचं निदान तयार असतं. त्यामागचं शास्त्र सोपं आहे: ज्याच्या गाडीचा जो भाग गेल्या वर्षी बदलला, तोच तुमच्याही गाडीचा गेलेला असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी क्लच प्लेटला पैसे मोजलेले असतात, त्यामुळे त्यांना हा शंभर टक्के क्लचच वाटतो. बी विंगमधल्या साहेबांना माउंटिंग दिसतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा मोबाइलवर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ काढून दाखवतो. त्यातला पिकअप ट्रक इतका मोठा असतो की सोसायटीच्या फाटकातून आतही येणार नाही. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते म्हणतात, "विकून टाका. आता इलेक्ट्रिक घ्या." हल्ली एक नवा संशयितही सर्वमान्य झाला आहे, तो म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. टायर पंक्चर झालं तरी त्याचं नाव निघतं.

मग कुणीतरी म्हणतो, "बसा आत, जरा रेस द्या बघू." मालक आत बसतो, उभ्या गाडीला रेस देतो, पार्किंगमध्ये धूर होतो, पहिल्या मजल्यावरची खिडकी धाडकन लागते. आवाज काही येत नाही. "म्हणजे किरकोळ आहे," असा एकमताने निर्णय होतो आणि सभा चहाला जाते.

गॅरेजमध्ये अडचण वेगळी. आवाज डबीत घालून नेता येत नाही, तो तोंडाने काढून दाखवावा लागतो. एरवी चारचौघांत तोलूनमापून बोलणारे प्राध्यापक, चार्टर्ड अकाउंटंट, निवृत्त अधिकारी इथे ओठांचा चंबू करून आधी 'गूंऽऽ', मग 'टकटकटक' आणि शेवटी 'फर्रर्र' करून दाखवतात. मिस्त्री न हसता विचारतो, "साहेब, मधे थांबतो का सलग येतो?" साहेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बरोबर आलेल्या बाईसाहेब दुरुस्ती सुचवतात, "टक नाही हो, टिक आहे." आणि मिस्त्री मान वर करतो तो बाईसाहेबांकडे बघून. कारण बारीक, कोरडा 'टिक' बहुधा इंजिनच्या वरच्या अंगाचा, टॅपेटचा नाहीतर गळक्या गॅस्केटचा असतो. तळातून येणारा जड 'ठक' क्रँकच्या बेअरिंगचा असू शकतो. दोन्ही बिलांच्या फरकात एखाद्या छोट्या लग्नाचा खर्च बसतो.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणणारे स्वतःला पुढारलेले समजतात. पण मोबाइल माणसाचं बोलणं टिपण्यासाठी केलेला आहे, आजूबाजूची घरघर तो 'गोंगाट' म्हणून दाबतो. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये चाकाची घुमघुम जवळजवळ नसते. ऐकू येतो तो फक्त मालकाचा आवाज: "हा बघा, आला, आला, ऐकलंत?"

या नकलांवर अमेरिकेत एक अख्खा रेडिओ कार्यक्रम चालला. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे भाऊ, दोघंही एमआयटीचे पदवीधर, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये गॅरेज चालवायचे. १९७७ साली बॉस्टनच्या एका स्थानिक केंद्रावर सुरू झालेला त्यांचा 'कार टॉक' १९८७ पासून देशभर ऐकू जाऊ लागला आणि २०१२ पर्यंत त्यांनी नवे भाग केले. लोक फोन करून गाडीचा आवाज काढून दाखवायचे, भाऊ तोच आवाज उलट काढून खात्री करून घ्यायचे आणि त्यानंतर बराच वेळ नुसतं हसू ऐकू यायचं. हसून झालं की मात्र ते नेमके प्रश्न विचारायचे. वळताना येतो का? सकाळी येतो का? ब्रेक दाबला की थांबतो का? त्यांच्या कार्यक्रमात 'स्टंप द चम्प्स' नावाचं एक सदर होतं. पूर्वी फोन केलेल्या माणसाला पुन्हा बोलावून, आपण सांगितलेलं निदान खरं निघालं की खोटं, हे जाहीरपणे विचारायचं. ही प्रथा सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली तर रविवारची गर्दी निम्म्यावर येईल.

मिस्त्रीने गाडीला हात लावला की आवाज बंद होतो, हा सगळ्याच गाडीमालकांचा अनुभव. त्यात ना नशिबाचा भाग आहे, ना मिस्त्रीच्या हातगुणाचा. उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी इंजिनवर ओझं नसतं. गाडी ओढायची वेळ येते तेव्हाच इंजिन आपल्या माउंटिंगवर कलतं, एक्सलला पीळ बसतो, सिलिंडरमधला दाब वाढतो. गॅरेजच्या दारात यातलं काहीच होत नाही. दुसरं कारण उष्णतेचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलं असेल तर सकाळी थंड गाडी 'टिकटिक' करते. घरापासून गॅरेजपर्यंत येताना धातू तापतो, प्रसरण पावतो, फट बुजते. तिसरं ओलाव्याचं. पावसाळ्यात सकाळी सात वाजता किंचाळणारा बेल्ट दहा वाजता वाळलेला असतो. म्हणून आवाज पहिल्या पाच मिनिटांतलाच असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवायची आणि सकाळी मिस्त्रीलाच पहिली चावी फिरवायला सांगायची. हा उपाय फुकट आहे आणि बहुधा त्यामुळेच तो कुणी करत नाही.

मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तर आवाजाला प्रवेशच नसतो. प्रवेश मिळतो तो मालकाला, तोही काचेपलीकडच्या थंडगार खोलीत. जॉब कार्डावर 'ग्राहकाची तक्रार: आवाज' अशी नोंद होते. संध्याकाळी धुऊन चकचकीत केलेली गाडी परत येते आणि त्याच ओळीपुढे 'आवाज आढळला नाही' असं लिहिलेलं असतं. फारच हटून बसलं तर टाय लावलेला तरुण अदबीने सांगतो, "सर, हे या मॉडेलचं कॅरेक्टरिस्टिक आहे." अडीच वर्षं मुकाट धावलेल्या गाडीचा स्वभाव त्याच आठवड्यात उघड झालेला असतो. वॉरंटी संपल्यावर हाच स्वभाव 'पार्ट बदलावा लागेल' या सदरात जातो.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधला जुना मिस्त्री वेगळ्या वाटेने जातो. तो आधी बॉनेट उघडत नाही, मालकालाच गाडी चालवायला सांगतो आणि स्वतः शेजारी बसतो, कारण मालकाच्या पायाची सवय त्या आवाजाला माहीत असते. एक फेरी झाली की गाडी लावतो, इंजिन चालू ठेवतो, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतो. त्याचं टोक आल्टरनेटरच्या अंगावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडावर दाबतो आणि डोळे मिटतो. मग टोक पाण्याच्या पंपावर, मग टेन्शनरवर, मग टॅपेट कव्हरवर. प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद. चांगल्या बेअरिंगमधून एकसारखी सळसळ येते, खराब बेअरिंगमधून खरखर. पॅरिसचे डॉक्टर रेने लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीवर लावून हृदय ऐकलं आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मिस्त्रीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याच जातीचा, फक्त त्याला ग्रीस लागलेलं. त्या वेळी सैल बाही आणि गळ्यातला मफलर बेल्टपासून लांब ठेवायचा, एवढं पथ्य तो पाळतो आणि बघायला वाकलेल्या मालकालाही पाळायला लावतो.

बेल्टचा संशय आला तर त्याची चाचणी आणखी स्वस्त. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून फिरत्या बेल्टच्या खाचांवर लांबूनच बारीक धार सोडायची. आवाज क्षणभर थांबला तर बेल्ट किंवा एखादी पुली तिरकी बसली आहे. उलट किंचाळी वाढली तर बेल्ट सैल आहे, घसरतो आहे. पाच सेकंदांत निकाल, आणि उरलेलं पाणी मिस्त्री पितो.

त्याचे प्रश्न तीनच असतात. पहिला: गाडी उभी, गिअर न्यूट्रल, रेस दिली तर येतो का? येत असेल तर चाकं, टायर आणि एक्सल सुटले. राहिले बेल्ट, सायलेन्सर, टॅपेट आणि इंजिनभोवतीचे पत्रे. दुसरा: चालत्या गाडीत पाय काढला की लगेच थांबतो, की गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतो? लगेच थांबला तर तो ओझ्याचा आवाज. हळूहळू उतरला तर चाकाचा. तिसरा: क्लच दाबल्यावर काय होतं? दाबला की सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग, दाबला की बंद होत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. या तीन उत्तरांनी निम्मी गाडी निर्दोष सुटते, एकही नट न खोलता.

मोजता येण्याजोगा आवाज बहुधा चाकाचाच, हेही गणितात बसतं. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपास अंतर कापतं. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला तीनेक फेरे. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर तेवढेच 'टक' ऐकू येतात आणि बोटांवर मोजता येतात. इंजिनचं तसं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनचे मिनिटाला ३,००० फेरे होत असतील तर सेकंदाला १०० स्फोट होतात. ते कुणाच्या बापाला मोजता येत नाहीत, त्यांची सलग घरघरच ऐकू येते.

याच घरघरीत त्या 'झर्रर्र'चं मूळ आहे. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, हीट शील्ड. त्याचा बोल्ट गंजून सुटला की पत्रा लोंबतो. प्रत्येक पत्र्याला थरथरण्याची स्वतःची एक लय असते. इंजिनचे हादरे त्या लयीशी जुळले की तो वाजतो, इंजिनाचा वेग तिथून पुढे सरकला की गप्प बसतो. म्हणून आवाज ठरावीक वेगालाच येतो आणि मालकाला गाडी भुताटकीची वाटू लागते. मिस्त्री गाडी थंड असताना खाली सरपटत जातो, नळीवर मुठीने ठोकतो, 'झण्ण' असा आवाज आला की पत्र्याभोवती पाण्याच्या पाइपला लावतात तसला स्टीलचा क्लॅम्प आवळतो. क्लॅम्पची किंमत गाडी तिथवर आणायला लागलेल्या पेट्रोलपेक्षा कमी असते. काकांच्या शंभर टक्के क्लचसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.

सगळीच प्रकरणं एवढ्यावर मिटत नाहीत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी गाडी ओढण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली. त्याबरोबर एक नवा आवाजही आला: स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की 'कटकटकट'. एक्सलच्या टोकाच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, आतलं ग्रीस उडून जातं, त्याची जागा धूळ आणि चिखल घेतात आणि सांधा झिजतो. बूट फाटल्याचं वेळीच दिसलं तर खर्च बुटाचा, आवाज सुरू झाल्यावर खर्च बहुधा एक्सलचा. मागची चाकं ढकलणाऱ्या जीप आणि तसल्या गाड्यांत हेच दुखणं प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला होतं. गाडी उचलताना एकच 'खट' आणि मिस्त्री दुरूनच म्हणतो, "क्रॉस गेलाय." माउंटिंगचं रबर बसलं की पहिल्या गिअरला पाय सोडताच 'धप्प'. चाकाचं बेअरिंग गेलं की विमान उडाल्यासारखी घुमघुम. ती उजवीकडे वळताना वाढली तर संशय बहुधा डाव्या चाकावर, कारण वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं.

गिअर नसलेल्या स्कूटरींचं प्रकरण आणखी गमतीचं. तिथे गिअरऐवजी बेल्ट आणि व्हेरिएटर असतो. व्हेरिएटरमध्ये छोटे गोल रोलर असतात, वेग वाढला की ते बाहेर सरकतात आणि बेल्टला वर ढकलतात. सिग्नल ते सिग्नल एवढंच आयुष्य काढलेल्या स्कूटरचे रोलर एका बाजूने झिजून चपटे होतात. मग सिग्नल सुटला की खालून खडखडाट, आणि स्कूटर पुढे जाण्याआधी थोडा विचार करते. मालकाचं लक्ष तेव्हाही एकाच गोष्टीकडे असतं: "भाऊ, ॲव्हरेज का कमी झालं?"

चढावर रेस दिली की इंजिनमधून वाळू खळखळल्यासारखा आवाज येतो, त्याला सगळे 'नॉक' म्हणतात. खंबाटकी किंवा कशेडी घाटात चौथ्या गिअरचा हट्ट धरणाऱ्यांना तो हमखास भेटतो. ठिणगी पडल्यावर इंधन-हवेचं मिश्रण क्रमाने जळायला हवं, ते उरलेल्या कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि दाबाचे तडाखे सिलिंडरवर आदळतात. या आवाजाच्या निदानाचा इतिहास तर कुठल्याही पार्किंगला शोभेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या नव्या बॅटरी इग्निशनवरच नॉकचा ठपका आला होता. खरं कारण शोधायचं काम त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजलींकडे आलं. मिजलींनी तर्क लढवला, की इंधन लाल रंगाचं केलं तर ते उष्णता लवकर शोषेल. जवळ रंग नव्हता म्हणून आयोडीन टाकलं. नॉक कमी झाला! मग दुसरे लाल रंग टाकून पाहिले, काही फरक नाही. कारण चुकीचं आणि उपाय बरोबर, हा प्रकार फक्त आपल्या गॅरेजमध्ये होतो असं समजायचं कारण नाही.

पुढे १९२१ साली त्याच मंडळींना टेट्राइथाइल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये शिसं घातलं की नॉक थांबायचा, आणि इंजिनचा आवाज बंद करण्यासाठी जगाने कित्येक दशकं विषारी शिसं हवेत सोडलं. भारतात २०००च्या फेब्रुवारीपासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, गाड्यांचं शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २०२१ उजाडलं. आणि पार्किंगमध्ये बदनाम झालेलं इथेनॉल? त्याचं ऑक्टेन पेट्रोलहून जास्त असतं. ॲव्हरेज थोडं घटल्याचा आळ त्याच्यावर खुशाल घ्यावा, नॉकचा मात्र घेऊ नये.

आजच्या इंजिनांना नॉक ऐकणारा स्वतःचा सेन्सर असतो, तो ऐकून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत हे काम माणसालाच करावं लागे: कानाने ऐकायचं आणि डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवायचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्या टॅक्सीत आवाज यायचा थांबला तरच चालक गाडी बाजूला घ्यायचा.

काही आवाजांशी इंजिनाचा काडीचा संबंध नसतो. रेस दिली की गाडी पुढे जाते आणि आतल्या सुट्या वस्तू मागे. सीटखालची स्टीलची पाण्याची बाटली मागे गडगडते, ब्रेक दाबला की पुढे येते. डिकीत कोल्हापूरहून आणलेला नारळ असतो, जॅकचा सुटलेला दांडा असतो, दिवाळीत राहिलेला फराळाचा डबा असतो. बॉनेटखाली पावसाळ्यात उंदीर बिऱ्हाड करतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं सापडतात. काचेखालच्या जाळीतून वाळकी पानं ब्लोअरमध्ये गेली की फडफड सुरू होते. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये एक खडा अडकला तर सगळा रस्ता वळून बघेल अशी किंचाळी निघते, आणि गाडी थोडी मागे घेतली की कधीकधी खडा पडतो आणि दुरुस्ती संपते. मिस्त्री अशा कामाचे पैसे घेत नाही, पण पुढची दहा वर्षं गोष्ट सांगतो.

रेस दिल्यावर गाडी किती वाजावी, याचा हिशेब सरकारदरबारीही आहे. पुण्यात सकाळी फिरायला जाणारे ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ची. नव्या गाडीला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी ती एक. आवाजाच्या परीक्षेत गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने रेषेपर्यंत येते, रेषेवर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, पुढच्या २० मीटरमध्ये दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर ठेवलेले मायक्रोफोन आवाज मोजतात. मोटारीला ७४ डेसिबलची मर्यादा आहे. एवढ्या काटेकोरपणे गप्प केलेली गाडी रस्त्यावर येते.

आणि मग तिचा मालक बाजारात जाऊन फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवले आहेत. रोलर जातो तेव्हा जो आवाज होतो त्याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. ही हौस आपल्यापुरतीच नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ साली आपल्या इंजिनच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला आणि सहा वर्षं भांडून अर्ज मागे घेतला. बीएमडब्ल्यूची २०११ची एम-फाइव्ह आतून इतकी शांत झाली, की इंजिनचा आवाज स्पीकरमधून ऐकवावा लागला. इलेक्ट्रिक गाड्यांची तर रीतच उलटी. पायी चालणाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून युरोपात २०१९च्या जुलैपासून त्यांच्या नव्या मॉडेलना कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो. ज्यांनी 'विकून टाका, इलेक्ट्रिक घ्या' असा सल्ला ऐकला, त्यांना इंजिनची घरघर गेल्यामुळे आजवर झाकलेला दाराच्या रबराचा, सीटच्या बिजागरीचा आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीच्या पाटाचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू येतो.

गमतीचा भाग सोडला तर दोन आवाजांना मात्र सवलत नाही. रेस दिल्यावर इंजिनच्या तळातून जड 'ठकठक' आणि समोर ऑइलचा लाल दिवा, असं जोडीने आलं तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन बंद करावी आणि टोइंगवाल्याला फोन लावावा. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' हा विचार सोडावा. बाकीच्या आवाजांसाठी गॅरेजला जाण्याआधी डिकी आणि सीटखालची जागा रिकामी करा. कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला, थंड असताना की तापल्यावर, वळताना की सरळ, हे कागदावर चार ओळींत लिहून न्या. 'क्लच प्लेट बदला' असं सांगू नका, कारण सांगितलं तर ती बदलली जाईल आणि आवाज तसाच राहील. आणि मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवा. त्या फेरीत मागच्या सीटवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना घेऊ नका.